रबरी बोटीसाठी जुनं आउटबोर्ड इंजिन घेताना

हवा भरायची रबरी बोट मिळवणं आता सोपं झालंय. घडी करून गाडीच्या डिकीत टाकायची, खाडीवर नेऊन पायपंपाने फुगवायची, की अर्ध्या तासात पाण्यात. अडतं ते इंजिनापाशी. नवं आउटबोर्ड इंजिन, म्हणजे बोटीच्या मागच्या फळीवर बाहेरून लावायचं इंजिन, बऱ्याचदा बोटीपेक्षा महाग पडतं, मग जुन्याची शोधाशोध सुरू होते. त्यात वावगं काहीच नाही. नीट ठेवलेलं इंजिन वीस वर्षांनंतरही दुसऱ्या-तिसऱ्या झटक्याला सुरू होतं. पण नीट न ठेवलेलंही रंगाचा हात मारल्यावर तसंच दिसतं, आणि खरं काय ते खाडीच्या मधोमध, ओहोटी लागल्यावर कळतं.

मोटारसायकल घेताना किलोमीटरचा काटा बघता येतो. छोट्या आउटबोर्डला बहुधा असा काटा नसतो. ते किती आणि कसं चाललंय हे दुसऱ्या खुणांवरून ओळखावं लागतं, आणि त्यातल्या बहुतेक खुणा पाण्याशी जोडलेल्या असतात. पाणी जिथे फिरायला हवं तिथे फिरतंय का? जिथे शिरायला नको तिथे शिरलंय का? हे दोन प्रश्न धरून इंजिन बघितलंत तर आवाज, रंग आणि स्टिकर यांनी फसायला होणार नाही.

खाली लिहिलंय ते मुख्यतः अडीच-तीन मीटरची बोट घेऊन खाडीत गळ टाकायला जाणाऱ्यांसाठी. पण सांगली, कोल्हापूर, चिपळूणच्या पूरपट्ट्यातली काही मंडळं बचावासाठी बोट आणि इंजिन घेण्याच्या विचारात असतात, त्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू आहे. त्यांची बोट मोठी आणि इंजिन साधारण २५ ते ४० अश्वशक्तीचं असतं, एवढाच फरक.

आधी बोट मोजा

इंजिन शोधायला निघण्यापूर्वी बोटीवरची पाटी वाचा. मागच्या फळीवर किंवा आतल्या बाजूला कंपनीची पाटी असते. तिच्यावर जास्तीत जास्त अश्वशक्ती, माणसं आणि वजन लिहिलेलं असतं. काही पाट्यांवर इंजिनाचं वजनही असतं. हे आकडे पाळायचेच. २०१९ च्या महापुरात सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला बोट उलटून किती घरं उजाड झाली, हे त्या भागातल्या माणसांना सांगायला नको.

अडीच मीटरच्या आसपासच्या बोटीला अडीच ते चार अश्वशक्ती पुरते. तीन मीटरच्या, खाली हवेची कडक फरशी असलेल्या बोटीला सहा ते दहा. दोन माणसं बसवून बोट पाण्यावर उचलली जायला हवी असेल तर आठच्या खाली जाऊ नका. पण नुसता गळ टाकायचा, खाडीच्या या काठावरून त्या काठाला जायचं, तर चार-पाच अश्वशक्तीतही काम भागतं आणि इंजिन एकट्याला उचलता येतं. वजनाचा विचार लोक फार उशिरा करतात. पंधरा अश्वशक्तीचं टू-स्ट्रोक, म्हणजे पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारं, इंजिन साधारण ३६ किलोचं, त्याच ताकदीचं फोर-स्ट्रोक ५० च्या घरात. ओहोटीला चिखलातून हे खांद्यावर घेऊन जायचंय, हे भाव करण्याआधी डोळ्यांसमोर आणा.

मग इंजिनापासून खाली पाण्यातल्या पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची लांबी. बोटीच्या मागच्या फळीच्या वरच्या कडेपासून बोटीच्या तळापर्यंत टेप लावा. जवळपास सगळ्या छोट्या रबरी बोटींना आखूड दांडा लागतो, म्हणजे १५ इंची. लांब दांडा २० इंची असतो. आपल्या किनाऱ्यावर मिळणारी जुनी इंजिनं बरीचशी मच्छीमारी होड्यांवरून उतरलेली आणि लांब दांड्याची असतात, कारण त्या होड्यांचा मागचा भाग उंच असतो. असं इंजिन रबरी बोटीला लावलं की पंखा पाच इंच जादा खाली जातो. उथळ पाण्यात तो वाळूला घासतो, बोट ओढल्यासारखी चालते आणि पाण्याचे फवारे अंगावर येतात. उलट दांडा आखूड पडला तर पंखा हवा ओढतो, इंजिन नुसतं किंचाळतं, बोट हलत नाही. मॉडेलच्या क्रमांकातलं ‘एस’ म्हणजे आखूड आणि ‘एल’ म्हणजे लांब. तरी स्वतः मोजा: फळीवर बसणाऱ्या क्लॅम्पच्या आतल्या वरच्या बाजूपासून पंख्याच्या वर असलेल्या आडव्या चपट्या पत्र्यापर्यंत. इंजिन लावल्यावर हा पत्रा बोटीच्या तळाच्या पातळीत किंवा इंचभर खाली यायला हवा.

कुठल्या जातीचं इंजिन

नवख्या माणसाने पहिलं इंजिन म्हणून साधं, हाताने दोरी ओढून सुरू होणारं, कार्ब्युरेटरचं इंजिन घ्यावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात टू-स्ट्रोक हलकं, सुटे भाग कमी, आणि किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात ते उघडून बसवणारा मिस्त्री सापडतो. फोर-स्ट्रोक शांत चालतं, पेट्रोल कमी खातं, धूर करत नाही. मात्र त्याच्या कार्ब्युरेटरमधली बारीक छिद्रं जुन्या पेट्रोलने चटकन बुजतात. दोन-तीन महिन्यांतून एकदाच बोट काढणार असाल तर ही अडचण वारंवार येईल.

यामाहाचे सुटे भाग आपल्याकडे सगळ्यात सहज मिळतात. सुझुकी, तोहात्सु, मर्क्युरी हीही चांगली इंजिनं आहेत, फक्त जवळच्या शहरात त्यांचा इम्पेलर, म्हणजे थंड करणारं पाणी ओढणारं पंपातलं रबरी चक्र, मिळतो का ते आधी फोन करून विचारा. इव्हिनरूड इंजिनांचं उत्पादन २०२० मध्ये बंद झालं. ते स्वस्तात मिळालं तरी पहिलं इंजिन म्हणून घेऊ नका. होंडाचं २.३ अश्वशक्तीचं छोटं इंजिन हवेवर थंड होतं. खाली मी थंड करणाऱ्या पाण्याबद्दल जे सांगणार आहे ते त्याला लागू नाही, आणि त्याच्यातून पाण्याची धार येत नाही म्हणून घाबरायचंही नाही.

दोन गोष्टींपासून जपा. एक, घासलेटवर चालणारी इंजिनं. मच्छीमारीसाठी अशी इंजिनं मुद्दाम बनतात: पेट्रोलवर सुरू करायची, गरम झाली की घासलेटवर न्यायची. रबरी बोटीवर हौसेने चालवायला ती गैरसोयीची, त्यामुळे ‘पेट्रोलचं की घासलेटचं’ हे विचारूनच घ्या. दुसरी, कव्हरवरचा आकडा. काही कंपन्यांची ९.९ आणि १५ अश्वशक्तीची टू-स्ट्रोक इंजिनं एकाच ठोकळ्यावर बेतलेली असतात आणि बाहेरून सारखीच दिसतात. कव्हर बदलता येतं, स्टिकर बाजारात मिळतो. खरं मॉडेल क्लॅम्पच्या पाटीवर असतं.

कधी शोधायचं, कुठे शोधायचं

मे अखेरीस जलक्रीडा बंद होतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंदी असते. होड्या वर काढलेल्या असतात, इंजिनं उतरवून पडवीत ठेवलेली असतात, मालकाकडे वेळ असतो आणि शाळा उघडल्याने पैशाची गरजही असते. मालवण, देवगड, रत्नागिरी, हर्णै, श्रीवर्धन, अलिबाग या पट्ट्यात चौकशी करायची तर हे दोन महिने चांगले. नारळी पौर्णिमा जवळ आली की भाव चढतो, कारण सगळ्यांनाच इंजिन हवं असतं.

जलक्रीडेच्या धंद्यातलं इंजिन रोज चाललेलं असतं, पण त्याची देखभालही होत असते. उलट धरणाच्या गोड्या पाण्यात चाललेलं इंजिन आतून स्वच्छ असण्याची शक्यता जास्त. पुरासाठी घेऊन गोदामात ठेवलेलं ‘फक्त दोनदा चाललेलं’ इंजिन ऐकायला गोड वाटतं, पण बसून राहिलेल्या इंजिनाचं दुखणं वेगळं असतं: कार्ब्युरेटरमध्ये डिंकासारखा थर, इम्पेलरची पाती एका बाजूला वाकून कडक झालेली. तेही घेता येतं, मात्र हे काम करावं लागणार हे धरूनच भाव करा. सरकारी भंगार-लिलावात इंजिन चालवून बघता येत नाही. नवख्याने तिकडे जाऊच नये.

फोनवर विचारायचे प्रश्न मोजके. खाऱ्या पाण्यात चाललं की गोड्या? चालवून आणल्यावर गोड्या पाण्याने धुवायचात का, कसं? इम्पेलर कधी बदलला? इंजिन कधी बुडालं होतं का? हा शेवटचा प्रश्न सरळ विचारा. किनाऱ्यावरची माणसं सरळ प्रश्नाला बहुधा सरळ उत्तर देतात: ‘होय दादा, दोन वर्षांमागे होडी पलटी झाली होती, पण त्याच रात्री उघडून साफ केलं.’ त्याच रात्री साफ केलेलं इंजिन वाचलेलं असू शकतं. चार दिवसांनी उघडलेलं नाही. टू-स्ट्रोकच्या आतल्या बेअरिंगांना पेट्रोलमधल्या तेलाशिवाय दुसरं वंगण नसतं, आणि खारं पाणी त्यांना गंजवायला फार वेळ घेत नाही.

आणि शेवटी सांगा: ‘मी येईपर्यंत चालू करू नका.’

थंड इंजिनावर हात ठेवा

पोचल्यावर गप्पांच्या आधी इंजिनाच्या डोक्यावर, म्हणजे प्लग बसतो त्या भागावर, तळवा ठेवा. ते गार असायला हवं. गरम असेल तर विकणाऱ्याने आधीच सुरू करून ठेवलंय. गरम इंजिन कुठलंही सुरू होतं; कमकुवत इंजिनाची परीक्षा ते थंड असतानाच होते. अशा वेळी भांडायचं नाही. ‘चहा घेऊन येतो काका, तोवर निवू दे,’ म्हणायचं आणि तासाभराने परत यायचं.

मग क्लॅम्पवरची क्रमांकाची पाटी. ती खरवडलेली, उचकटलेली किंवा नव्या रिबिटांनी ठोकलेली असेल तर इंजिन कितीही चांगलं असो, निघून या. बऱ्याच इंजिनांच्या ठोकळ्यावर, कव्हरखाली, एका गोल चकतीवर तोच क्रमांक पुन्हा कोरलेला असतो. दोन्ही जुळवून बघा आणि फोटो काढा.

क्लॅम्पचे स्क्रू हाताने फिरतात का? इंजिन वर उचलून अडकतं का, डावी-उजवीकडे सहज वळतं का? खाऱ्या पाण्यात हे सांधे धरतात आणि सोडवताना ॲल्युमिनियम फुटतं. सगळ्यात खालचा सुकाणूसारखा पाता तुटून पुन्हा वेल्ड केलेला असेल तर इंजिन खडकावर आपटलंय, हे नक्की. एवढ्यावरून नाकारू नका, पण पंख्याचा दांडा जास्त काळजीने तपासा: गिअर न्यूट्रलमध्ये टाका, प्लगच्या टोप्या काढा, पंखा सावकाश फिरवा आणि त्याच्या मधल्या नटाकडे टक लावून बघा. नट जागच्या जागी फिरला पाहिजे. तो गोल गोल हेलकावे घेत असेल तर दांडा वाकलाय.

पंखा काढायला सांगा. पंख्यामागे दांड्याभोवती गळाची नायलॉन दोरी किंवा जाळ्याचा धागा गुंडाळला गेलेला फार वेळा सापडतो. ती दोरी सीलमध्ये, म्हणजे दांड्याभोवती पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यात, घुसते, सील कापते, आणि तिथून पाणी गिअरमध्ये जातं. पंख्याच्या वर किंवा क्लॅम्पजवळ जस्ताचे करड्या रंगाचे तुकडे असतात. इंजिनाच्या ॲल्युमिनियमऐवजी गंज त्यांना खावा म्हणून ते लावलेले असतात. अर्धवट झिजलेले दिसले तर उत्तम. पूर्ण संपलेले असतील तर गंजाने पुढे इंजिनालाच हात घातलाय. आणि त्यांच्यावर रंग मारलेला असेल तर ते काम करतच नव्हते. रंगवणाऱ्याला इंजिनाचं काही कळत नव्हतं, हेही त्यातून समजतं.

कव्हर काढल्यावर

इथे घाई करू नका. मोबाइलची बॅटरी लावा. मिठाचे पांढरे थर कुठे आहेत ते शोधा: डोक्याच्या जोडाच्या कडेने, थर्मोस्टॅटच्या झाकणाशी, वायरींच्या जोडांत. जोडाच्या कडेने मिठाची रेघ म्हणजे तिथून पाणी झिरपतंय. वरच्या फिरत्या चक्राखाली, वायरींच्या मागे, हाताचं बोट पोचणार नाही अशा कोपऱ्यात बारीक गाळ असेल तर इंजिन पुरात किंवा खाडीत बुडालंय. बाहेरून धुतलं तरी तिथला गाळ जात नाही. सगळं इंजिन ताज्या काळ्या रंगाने रंगवलेलं, बोल्टांची डोकीसुद्धा, असं दिसलं तर त्या रंगाखाली काय आहे ते विचारा. रंग उडालेल्या पण तेलाचा हलका हात असलेल्या इंजिनावर माझा जास्त विश्वास बसतो.

पेट्रोलच्या नळ्या दाबून बघा. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते मानवत नाही आणि ते हवेतलं पाणीही शोषतं. चिकट झालेल्या किंवा चिरा पडलेल्या नळ्या बदलण्याचा खर्च मनात टिपून ठेवा. फोर-स्ट्रोक असेल तर तेलाची पट्टी बाहेर काढा. तेल काळं असलं तर चालेल. पांढरट फेस दिसला तर आत पाणी आहे. पातळी खुणेच्या वर आणि पेट्रोलचा वास असेल तर पेट्रोल तेलात उतरतंय.

गिअरचं तेल

एकच तपासणी करायला वेळ असेल तर ही करा. पंख्याच्या वरच्या लांबट खोक्यात गिअर असतात आणि ते तेलात बुडालेले असतात. त्याला दोन स्क्रू, एक खाली, एक वर. इंजिन रात्रभर उभं ठेवलेलं असलं तर उत्तम, कारण पाणी जड, ते तळाशी बसतं. खाली वाटी धरा आणि खालचा स्क्रू हळूच सैल करा. पहिले थेंब काय येतात ते महत्त्वाचं. आधी निव्वळ पाणी आलं, किंवा तेल दुधाळ चहासारखं निघालं, तर सील गेलेत. स्वच्छ सोनेरी किंवा काळपट, तुकतुकीत तेल आलं तर ठीक. जळका वास असेल तर गिअर तापलेत. बऱ्याच इंजिनांत खालच्या स्क्रूच्या टोकाला चुंबक असतं. त्यावर बारीक करडा लेप असणं रोजचंच. नखाला टोचतील असे धातूचे तुकडे असतील तर दाते तुटताहेत.

सील बदलणं तसं मोठं काम नाही. पण पाणी किती दिवस आत होतं हे कुणी सांगू शकत नाही, आणि गंजलेल्या गिअर-बेअरिंगांचा खर्च छोट्या इंजिनाच्या किमतीला भिडतो. तेल अगदी नवं, काचेसारखं निघालं तर ते कधी बदललं ते विचारा. कालच बदललेलं असेल तर त्यावरून काही कळत नाही. मग पाण्यात चालवून आणल्यावर पुन्हा स्क्रू सैल करून बघायचं.

प्लग आणि कॉम्प्रेशन

मोटारसायकलच्या गॅरेजमधून कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजायचा काटा, मागून न्या. सगळे प्लग काढा, इंजिन बंद करायची सुरक्षा-दोरी उपटून ठेवा म्हणजे ठिणगी पडणार नाही, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि दोरी पाच-सहा वेळा जोरात ओढा. आकडा मॉडेलप्रमाणे बदलतो, साधारण ९० ते १३० पीएसआयच्या दरम्यान येतो. काही फोर-स्ट्रोकमध्ये दोरी हलकी जावी म्हणून दाब मुद्दाम सोडलेला असतो, तिथे कमी दिसेल. त्या आकड्यापेक्षा दोन सिलिंडरांतला फरक महत्त्वाचा. तो दहा टक्क्यांच्या आत हवा.

प्लग शेजारी शेजारी ठेवा. दोन्ही तपकिरी किंवा दोन्ही जरा तेलकट काळे असतील तर काळजी नको. एक काळा आणि दुसरा धुतल्यासारखा लख्ख असेल तर त्या लख्ख सिलिंडरमध्ये पाणी जातंय. वाफेने तो आतून धुऊन निघतोय.

पिंपात चालवणं

दोनशे लिटरचं पिंप भरून त्यात इंजिन लावा. पंखा काढलेलाच असू द्या. पाणी त्या चपट्या पत्र्याच्या बरंच वर यायला हवं, कारण पाण्याचा पंप त्याच्या लगेच वर असतो. पिंप नसेल तर पाणी घेण्याच्या जाळीवर बसणारे रबरी कप आणि नळाची नळी वापरता येते. ‘एक मिनिट सुकं चालवून दाखवतो’ असं कुणी म्हणालं तर हात जोडून थांबवा. आतला रबरी इम्पेलर पाण्याशिवाय थोड्याच वेळात जळतो, आणि तो तुमच्या पैशांचा असणार आहे.

थंड इंजिन चोक ओढून पाच-सहा झटक्यांत सुरू व्हावं. सैल ओढणी, शर्टाची बाही वरच्या फिरत्या चक्रापासून लांब ठेवा. आता घड्याळ बघा. कव्हरच्या खाली, बाजूला एक बारीक भोक असतं, तिथून अर्ध्या मिनिटाच्या आत पाण्याची धार सुरू झाली पाहिजे. नाही झाली तर लगेच बंद करा. दरवेळी पंपच खराब असतो असं नाही. कोकणात कुंभारमाशी असली भोकं मातीने लिंपून घर करते. नायलॉनचा ताठ धागा घालून भोक मोकळं करा आणि पुन्हा बघा. तरी धार नाही, म्हणजे इम्पेलर तरी गेलाय, नाहीतर आतले पाण्याचे मार्ग मिठाने बुजलेत. पहिलं स्वस्तातलं काम. दुसरं अजिबात नाही, आणि बाहेर उभं राहून दोन्हींतला फरक कळत नाही. अशा इंजिनासाठी विकणाऱ्याने स्वतः इम्पेलर बदलून धार दाखवावी, मगच बोलणी करावीत.

धार आली की तिच्यात हाताचं बोट धरा. दहा मिनिटं हळू चालू द्या. पाणी थंडगार किंवा कोमट हवं. चटका बसला, वाफ दिसली, किंवा धार थेंब थेंब होत गेली तर थांबवा. टू-स्ट्रोक सुरू होताना निळसर धूर सोडतंच, तो पातळ होत जातो. फोर-स्ट्रोकने निळा धूर सोडत राहणं चांगलं नाही. याच वेळी सुरक्षा-दोरी ओढून इंजिन तत्काळ बंद होतं का ते बघा. ही दोरी तुमच्या मनगटाला बांधलेली असते. तुम्ही पाण्यात पडलात तर पंखा थांबवणारी तीच. ती चालत नसेल तर दुरुस्त होईपर्यंत बोट पाण्यात घालू नका.

पाण्यात चालवल्याशिवाय पूर्ण पैसे नाहीत

पिंपात इंजिनावर भार येत नाही. पंखा बसवा, तुमची बोट न्या किंवा त्यांच्या होडीवर लावा, लाइफ जॅकेट घाला, वल्ही सोबत ठेवा. पाच मिनिटं पूर्ण वेगाने चालवा. इंजिनाचा आवाज अचानक चढला पण बोट पळाली नाही, तर पंख्यातला रबरी गाभा घसरतोय. पंखा बदलून भागतं. भार आल्यावर गिअर ‘खट’ करून निसटत असेल तर आतले दाते गोल झालेत. ते खर्चिक, इथून परत फिरा. मागे चालवून बघा. मागे चालवताना इंजिन खाली धरून ठेवणारा रिव्हर्सचा खटका नसेल तर इंजिन उडी मारून वर येईल. छोट्या इंजिनांत रिव्हर्स नसतोही, ती अख्खी मागे वळवायची असतात. बंद करा, दोन मिनिटं थांबा, पुन्हा सुरू करा. मग काठावर येऊन गिअरच्या तेलाचे दोन थेंब पुन्हा काढा.

भाव आणि कागद

भाव पाडायला दोष सांगत बसण्यापेक्षा यादी करा: इम्पेलर, प्लग, गिअर ऑइल, जस्त, पेट्रोलच्या नळ्या, लागल्यास सील. जवळच्या दुकानात विचारून प्रत्येकाचा भाव लिहा आणि ती बेरीज किमतीतून वजा करायला सांगा. कष्टाने इंजिन वापरलेल्या माणसाला हे पटतं.

कागदाला कंटाळा करू नका. २६ नोव्हेंबर २००८ ला दहशतवादी मुंबईत कफ परेडच्या मच्छीमार वस्तीपाशी उतरले ते इंजिन लावलेल्या रबरी बोटीतूनच. किनाऱ्यावर अनोळखी रबरी बोट दिसली की चौकशी होते, आणि ती व्हायलाच हवी. मूळ बिल असेल तर घ्या. नसेल तर इंजिनाचा मॉडेल व क्रमांक, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या आणि ओळखपत्रांच्या प्रती असलेली विक्रीची चिठ्ठी करा. मच्छीमारी योजनेतून अनुदानावर घेतलेलं इंजिन असेल तर ते विकण्याला अटी आहेत का ते मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. इंजिनावर चालणारी जलयानं २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याखाली येतात. राज्यात हे काम महाराष्ट्र मेरिटाइम बोर्ड बघतं, त्यांच्या जवळच्या बंदर कार्यालयात नोंदणीची चौकशी करा. धरणात उतरायचं तर जलसंपदा विभागाची परवानगी लागते. आणि ज्या खाडीत जाणार तिथल्या सागरी पोलिसांना एकदा भेटून या.

घरी नेताना, नेल्यावर

गाडीत इंजिन आडवं ठेवताना पंख्याची बाजू डोक्यापेक्षा वर येऊ देऊ नका. खालच्या भागात राहिलेलं पाणी सिलिंडरकडे जातं. फोर-स्ट्रोक कुठल्या कुशीवर ठेवायचं ते त्याच्यावर किंवा पुस्तिकेत दाखवलेलं असतं. चुकीच्या कुशीवर ठेवलं की तेल सिलिंडरमध्ये उतरतं.

विकणारा काहीही म्हणो, इम्पेलर नवा घाला. जुना काढल्यावर त्याची सगळी पाती मोजून घ्या. एखादं तुटलेलं असेल तर तो तुकडा वरच्या पाण्याच्या मार्गात अडकलेला असतो, तो काढावाच लागतो. गिअर ऑइल बदलताना स्क्रूंचे वॉशरही नवे लावा. टू-स्ट्रोकला तेल घालताना आउटबोर्डसाठीचं, डब्यावर ‘टीसी-डब्ल्यू३’ लिहिलेलंच घ्या. स्कूटरचं ‘टू-टी’ तेल हवेवर थंड होणाऱ्या इंजिनासाठी असतं. बहुतेक इंजिनांना ५०:१ मिश्रण लागतं, म्हणजे दहा लिटर पेट्रोलला २०० मिली. आपल्या मॉडेलचं प्रमाण पुस्तिकेत बघून घ्या. मिश्रण लागेल तेवढंच करा, महिनोन् महिने ठेवू नका.

पहिल्या फेरीला खाडीच्या मुखाकडे जाऊ नका. ओहोटी चालू असेल तर आधी प्रवाहाच्या विरुद्ध, वरच्या अंगाला जा. इंजिन बंद पडलं तर पाणीच तुम्हाला निघालात तिथे आणून सोडेल. नांगर, वल्ही, जादा प्लग, पान्हा आणि छोट्या इंजिनाला असेल तर पंख्याची जादा पिन सोबत हवी. परत आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं चालवा, शेवटी पेट्रोलची नळी काढून कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपेपर्यंत चालू द्या. मग इंजिन उभंच ठेवा, आतलं पाणी गळून जाऊ दे.

साधारण दहा तास चाललं की खालचा स्क्रू पुन्हा एकदा सैल करून तेलाचे थेंब बघा. नवं भरलेलं तेल इतक्यात दुधाळ झालं असेल तर ते सील पावसाळ्याची वाट न बघता लगेच बदलून घ्या.